दर रविवारी मुकं होणारं मशीन

एक

रविवारी दुपारी बसचा ड्रायव्हर जीव खाऊन हॉर्न वाजवत होता, आणि रस्त्याच्या मधोमध वाकलेली मुलगी निवांतपणे बुटाची लेस बांधत होती.

देवाची कृपा म्हणूनच ब्रेक लागले. बाप दोन पावलं पुढे गेला होता. तो मागे धावला आणि पोरीला कवेत घेऊन फुटपाथवर येऊन बसला. तिच्या कानामागचं ऐकण्याचं मशीन जागच्या जागी होतं, पण आतला सेल संपला होता. पिशवीत सुट्या सेलची छोटी कापडी थैली होती. बापाने त्यातला एक घातला. मशीन मुकंच. दुसरा घातला, तिसरा घातला, थैली रिकामी होईपर्यंत घालत राहिला. एकाही सेलमध्ये जीव नव्हता.

"बाबा, तुम्ही रडताय?" पोरीने विचारलं. तिला तेवढं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात कुटुंब न्यायालयात बापाचा अर्ज आला. आई-बाप वेगळे झाले तेव्हा न्यायालयाने मुलीचा ताबा आईकडे दिला होता, आणि शनिवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंतचा वेळ बापाला. तो हुकूम बदलावा आणि मुलगी कायमची माझ्याकडे द्यावी, अशी त्याची मागणी. कारण सरळ लिहिलं होतं: बापलेकीने एकमेकांशी बोलू नये म्हणून आई मुद्दाम मेलेले सेल पाठवते, आणि त्या आकसापायी पोर परवा बसखाली जात होती.

न्यायाधीशांनी समुपदेशक बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, हे खरं असेल तर मुलीला त्या घरात ठेवता येणार नाही. घर सुटेल, शाळा सुटेल. आणि खोटं असेल, तर बापाचा तो एक दिवससुद्धा ठेवायचा का, हे मला पाहावं लागेल. सेल कोणी मारले, तेवढं शोधून द्या."

बाई कित्येक वर्षं त्या इमारतीत भांडणारी माणसं ऐकत आल्या होत्या. समोरचा बोलू लागला की त्या डोळे अर्धे मिटून घेत, आणि तो थांबला की आणखी थोडं थांबत. त्या थांबण्यातच माणसं खरं बोलून जातात, हा त्यांचा अनुभव. माणूस मुळात वाईट नसतो, ही त्यांची श्रद्धा. सहकारी त्यावरून त्यांची थट्टा करत, आणि बाई हसून चहा मागवत.

दोन

खारूचे बाबा सुतारकाम करत. हो, मुलीला सगळे खारूच म्हणत. खाताना दोन्ही गाल भरून घ्यायची सवय, म्हणून. वर्कशॉप खाली आणि घर वर. रंधा बाजूला ठेवून त्यांनी बाईंसाठी एक स्टूल पुसलं. हाताची बोटं जाडजूड, नखं झिजून सपाट झालेली.

"मला भांडायचं नाही, बाई. पण आठवड्यातून एक दिवस मिळतो. शनिवारी रात्री गोष्ट सांगतो, ती खुदकन हसते. रविवारी जेवणं होतायत तोवर मशीन बंद! मग दिवसभर आम्ही दोघं खाणाखुणा करत बसतो. मुक्यांचा खेळ नुसता."

"दर रविवारी?"

उत्तर जिन्यावरून आलं. "दर रविवारी नाही हो. याला नीट सांगता येतंय कुठे!" खारूची आत्या कपडे शिवता शिवता गळ्यात टेप तशीच ठेवून खाली आली होती. "माझ्या भावाला खिळा वाकडा गेलेला लगेच दिसतो, बाकी काही दिसत नाही. थैली नवीन भरून आली ना, की दोन-तीन खेपा काही त्रास नसतो. जुना सेल संपला की थैलीतला घालायचा, मशीन सुरू. मग पुढे पुढे सगळे मुके. पुन्हा केव्हातरी थैली भरून येते, पुन्हा थोडे दिवस बरे."

"तोच तर डाव आहे," बाबा म्हणाले. "आधी चांगले देऊन विश्वास बसवायचा."

"डाव कसला, त्या घड्याळजीचे उद्योग!" आत्याने नाक मुरडलं. "तिचा दुसरा नवरा. दुकानात मेलेल्या सेलचा ढीग असेल. दिले असतील भरून."

बाईंनी डोळे मिटले. "आत्याबाई, खारू इथे राहायला आली तर तुम्हाला आवडेल?"

"आवडेल म्हणजे? तिच्यासाठी पाच फ्रॉक शिवून ठेवलेत मी." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन आत्याने गळ्यातली टेप ओढून घेतली. "म्हणजे तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी सगळ्यांवर घेते. त्यामुळे कोणाला राग येत नाही."

बाबा हसले, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे. बाईंनी विचारलं, "सेल बदलताना तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करणार? थैली उघडायची, सेल काढायचा, मशीनचं दार उघडून आत बसवायचा. झालं."

"खारूच्या आईला कधी फोन करून विचारलं नाहीत, सेल चालत नाहीत म्हणून?"

"कसा विचारणार? ना फोनवर, ना ताबा देता-घेताना, दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असं हुकुमातच आहे. तेव्हा आम्ही दोघंही फार भांडायचो, म्हणून दोघांनीच मागून घेतलं होतं ते. वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत तिच्या आईकडच्या आजी तिला बाकावर बसवतात आणि या दाराने जातात. मी त्या दाराने येतो आणि घेतो."

येताना बाईंनी औषधाच्या दुकानातून त्याच सेलचं एक पाकीट घेतलं होतं. ते बाबांच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "हे तुमच्याजवळ असू द्या. पोरीचा जीव पुढच्या तारखेची वाट बघत बसत नाही. थैलीतला चालला नाही तर यातला वापरा, पण लागेल तेव्हाच काढा."

रविवारी दुपारी बाईंचा फोन वाजला. पलीकडे बाबा होते, आणि आवाज संतापाने चढलेला.

"बाई, तुम्ही दिलेल्या सेलला पाठीवर नारिंगी पट्टी आहे! चिकटवलेली! खारू म्हणाली, ती काढल्याशिवाय चालत नाही. थैलीतल्या सेलना आजवर एकदाही पट्टी नव्हती. एकदाही नाही! म्हणजे ती वापरून झालेले सेलच पाठवते. आता तरी पटलं ना तुम्हाला?"

तीन

बाईंना पटलं नव्हतं, पण झोप मात्र उडाली होती. पट्टी नसलेला सेल म्हणजे उघडलेला सेल. आईच्या घरातून उघडे सेल येत होते, हे आता नाकारता येणार नव्हतं. हीच गोष्ट न्यायाधीशांसमोर अशीच मांडली, तर हुकूम बदलायला तेवढी पुरेशी होती.

खारूची आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. घरही दवाखान्यासारखंच होतं, एकेक वस्तू जागच्या जागी आणि पुसलेली. बाईंनी पट्टीचं सांगताच तिचा चेहरा पांढरा पडला.

"उघडे? माझ्याकडून? अहो, मी दिवसभर सीलबंद सुया आणि सीलबंद हातमोजे हाताळते. उघडी वस्तू मी पोरीच्या जवळ फिरकू देत नाही. बाजारातून पाकीट आणते, त्यातले सगळे सेल पट्टीसकट थैलीत भरते. कोर्टाची नोटीस हाती पडली तशी कालच जुनी थैली न उघडता फेकली आणि नवी माझ्या हाताने भरली."

"एकदा भरली की किती दिवस पुरते?"

"बरेच आठवडे. तिकडे लागतो तो एखादाच. इथे मी सोमवारी सकाळी शाळेआधी नवा सेल घालते, तो आठवडाभर चालतो. रविवारी संध्याकाळी ती परत येते ती मात्र बहुतेक वेळा बहिरी होऊनच. मला वाटायचं, तिच्या वडिलांना सेल बदलायचासुद्धा कंटाळा." तिचा आवाज कापरा झाला. "बाई, माझी पोर माझ्याकडून जाणार का हो?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "अजून काही ठरलेलं नाही," एवढंच म्हणाल्या.

दाराशी घड्याळजी उभे होते, डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं. "माझ्यावर संशय असेल ना? साहजिक आहे." त्यांनी खिशातून एक सेल काढून खारूच्या सेलशेजारी टेबलावर ठेवला. घड्याळाचा सेल कागदासारखा चपटा, खारूचा चांगला जाड, गोळीसारखा. "माझ्या दुकानातला एकही सेल त्या मशीनमध्ये बसणार नाही. बसवला तर आत नुसता खुळखुळत राहील. आणि बाई, मला ती काका म्हणते. 'काका' म्हणायला तिने वर्ष घेतलं. ते मी अशा गोष्टीवर घालवीन?"

बाईंनी दोन्ही सेल हातात घेऊन पाहिले. घड्याळजी सुटले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत खारूची आजी, म्हणजे आईची आई, बाहेर जायच्या तयारीत बसली होती. हातात लांब दांड्याची काळी छत्री. दांड्यावर बारीक नारिंगी ठिपके ओळीने चिकटवलेले. बाईंनी विचारलं, "छान सजवली आहे छत्री. खारूने का?"

"पोरांचे चाळे," असं म्हणून आजीने छत्री पदराखाली घेतली.

खारू आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या.

"खारू, त्या पट्टीखाली काय असतं गं?"

"भोकं. बारीक बारीक." तिने कागदावर वर्तुळ काढून ठिपके दिले. "सेल हवा खातो. पट्टी काढली की खायला लागतो. मग त्याला थोडा वेळ द्यायचा, आणि मग आत घालायचा."

"आणि पट्टी काढून नुसताच ठेवला तर?"

खारूने खांदे उडवले. "खातच बसणार ना. त्याचं तोंड कुठे बंद करता येतं?"

बाईंनी तो ठिपक्यांचा कागद हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "बाबांकडे सेल बिनपट्टीचे येतात, हे तू कोणाला का नाही सांगितलंस?"

"इथलं तिथे सांगायचं नाही आणि तिथलं इथे सांगायचं नाही. आमच्याकडे तसंच आहे. मग भांडण होत नाही."

"पट्ट्या कोण काढतं, माहीत आहे तुला?"

खारूने दोन्ही गाल फुगवले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. कितीही वाट पाहिली तरी ते ओठ उघडले नाहीत.

चार

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत बाई एका खांबाआड मासिक चाळत बसल्या. आजी आणि खारू वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. आजीने खारूला चित्रांच्या पुस्तकांकडे पाठवलं, चष्मा पुसला, पिशवीतून कापडी थैली काढून मांडीवर उघडली. मग एकेक सेल उजेडात धरून नखाने त्याची पट्टी सोलायची, आणि पट्टी खाली कचरा नको म्हणून छत्रीच्या दांड्याला चिकटवायची, असं शांतपणे सुरू झालं. जपमाळ ओढावी तशी तिची बोटं चालली होती.

"आजी," बाई जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "हे काय करताय?"

आजीच्या हातून थैली पडली. तिने आधी दाराकडे पाहिलं. बाबा अजून आले नव्हते. मग ती बाकावर एकदम लहान होऊन बसली.

"माझ्या लेकीला सांगू नका. तिला वाटेल मी त्यांची बाजू घेते."

"कोणाची?"

"जावयांची. म्हणजे… खारूच्या बाबांची." आजीने पदराने तोंड पुसलं. "पोरगी नखं खाते. तिला पट्टी निघत नाही. एकदा तिकडून आली तेव्हा म्हणाली, 'आजी, आज पट्टी काढता काढता सेल गटारात पडला. बाबा आंघोळीला गेले होते.' तिथे कोणाला ठाऊकच नाही हो, पट्टी असते ते. म्हटलं, आपणच काढून द्यावी. त्यांनी थैली उघडावी, घालावा, आणि बापलेकीने बसावं बोलत. तेवढाच एक दिवस मिळतो त्यांना. मन चांगलं आहे त्यांचं. तोंड तिखट आहे, पण मन चांगलं."

"मग लेकीला सांगून करायचं होतं."

"आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की भिंतीसुद्धा गप्प होतात. कोणाला सांगू? आणि त्यांना तरी कसं सांगू? मी बोलायचं नाही असा हुकूम आहे. मी आपली सोलते, चिकटवते, आणि देवाला म्हणते, बाबा रे, दोघांचं बरं कर."

ज्या बोटांनी पोरीचे कान रविवारभर मिटले होते, त्या बोटांमध्ये मायेशिवाय काही नव्हतं. आणि हे या म्हातारीला आता सांगायचं होतं.

"आजी, पट्टी काढली की सेल चालू होतो. मशीनमध्ये असो वा थैलीत. थोड्या आठवड्यांत तो आपोआप मरतो."

आजीने दांड्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग तिच्या ओठांतून एवढंच आलं, "म्हणजे ती बस…"

दार उघडलं. खारूचे बाबा आत आले होते. आजी रडतेय हे पाहून ते जागीच उभे राहिले. हुकूम आठवून एक पाऊल मागे गेले, आणि हुकूम मोडून चार पावलं पुढे आले.

"आई, काय झालं?"

पाच

तारखेच्या आधी बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. आई, घड्याळजी, आजी एका बाजूला. बाबा, आत्या आणि बाबांचे वकील दुसऱ्या बाजूला. खारूला मधल्या टेबलाशी रंग देऊन बसवलं होतं. पण तिने मशीन चालू ठेवून कान इकडेच लावले होते.

"आता सगळं नीट जुळवून सांगते," बाई म्हणाल्या. "मध्येच कोणी तोंड घालू नका. आत्याबाई, तुम्हीसुद्धा.

"सेल मेले कसे, हे मला आत्याबाईंच्याच बोलण्यातून उमगायला हवं होतं. थैली भरून आली की पहिले थोडे आठवडे बरे, मग सगळे मुके. वापरलेले सेल भरले असते, तर ते पहिल्याच दिवसापासून मुके निघाले असते. म्हणजे थैलीत जाताना सेल जिवंत होते, आणि थैलीत बसून मेले.

"मग रविवारच का? कारण आई सोमवारी सकाळी नवा सेल घालते आणि तो आठवडाभर चालतो. त्याचा शेवट रविवारी दुपारी, म्हणजे नेमका बाबांच्या घरी येतो. त्या घरी दर वेळी जुना सेल संपायचा आणि सुट्या सेलची गरज पडायची. आईच्या घरी ती गरज कधी पडलीच नाही. म्हणून एका घराला वाटलं, आम्हाला मेलेलं देतात. दुसऱ्या घराला वाटलं, त्यांना बदलायचा आळस.

"आता उरली पट्टी. आई म्हणते, मी पट्टीसकट भरले. बाबा म्हणतात, पट्टी नव्हती. दोघंही खरं बोलतायत असं धरलं, तर पट्टी या दोघांच्या मध्ये कुठेतरी निघते. आणि या दोघांच्या मध्ये खारू सोडून एकच माणूस असतं."

आजी स्वतःच उभी राहिली. "मी काढल्या," ती म्हणाली. "तुझ्या पोरीला मीच बसखाली ढकलत होते गं." आणि तिने सगळं सांगितलं, गटारात पडलेल्या सेलपासून.

आई उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही आजीवर ओरडणार. तिने आजीला धरून खाली बसवलं. "आई, मला विचारायचंस ना."

"तुला? त्यांच्यासाठी?" आजी रडता रडता फणकारली. "त्यांचा फोटो आला तर वर्तमानपत्रसुद्धा उलटं ठेवशील तू."

आत्या फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. खारूही हसली. मग बाबा, आणि शेवटी, नको नको म्हणत, आईसुद्धा.

वकिलांनी घसा खाकरला. "पण आमचा ताब्याचा अर्ज तर उभाच आहे. पोरीच्या जिवाला धोका होता, ही वस्तुस्थिती—"

"वकीलसाहेब, थांबा जरा," बाबा म्हणाले. ते खारूकडे बघत होते. तिने रंगाचा ब्रश खाली ठेवला होता, आणि आपलं घर कोणतं ते आता ठरणार, हे तिला पुरतं कळत होतं. "ती तिथेच राहू दे. शाळा आहे, मैत्रिणी आहेत, आजी आहे. ते वाक्य खोडा."

"मग अर्जात उरतं काय?"

"दोन गोष्टी लिहा. एक, आम्ही एकमेकांशी बोलायचं नाही हे कलम काढून टाका. दुसरं…" त्यांनी आपली जाड बोटं टेबलावर पसरली आणि पुन्हा मिटली. "मला शनिवार संध्याकाळऐवजी शनिवार सकाळ द्या. तेवढं जमलं तर बघा."

वकील लिहू लागले. "शनिवारी सकाळपासून…"

"शुक्रवार लिहा," खारूची आई म्हणाली.

वकिलांचं पेन थांबलं. घड्याळजींनी मान वर केली. बाबांना आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना.

"शुक्रवार संध्याकाळ," तिने पुन्हा सांगितलं, खिडकीबाहेर बघत, जरा घुश्शातच. "शनिवारी सकाळी आवरून वाचनालयात आणायची म्हणजे सगळ्यांची पळापळ. आणि ती सकाळी उठत नाही. पांघरुणात तोंड खुपसते, लाथा मारते. तुम्हाला काही माहीत नाही."

"नाही माहीत," बाबा म्हणाले. "सांग मला. नीट सांग, मी लक्षात ठेवीन."

आणि ती सांगू लागली.